डुकरांच्या पिल्लांतली हगवण : विष्ठेच्या नमुन्यापासून विषाणूच्या जीनोटाइपपर्यंत

दूध पिणाऱ्या किंवा नुकतंच दूध तोडलेल्या पिल्लांना पातळ, पिवळसर हगवण लागली की पहिला संशय ई. कोलायवर जातो आणि प्रतिजैविकं सुरू होतात. विषाणूंचा विचार मागे पडतो, आणि झालाच तर 'रोटा पॉझिटिव्ह' एवढ्या दोन शब्दांवर थांबतो. त्या दोन शब्दांतून कळत काहीच नाही. कोणता रोटा, कोणत्या जी-पी जोडीचा (विषाणूच्या बाहेरच्या दोन प्रथिनांवरून, व्हीपी७ वरून जी आणि व्हीपी४ वरून पी, ठरणारा जीनोटाइप म्हणजे जनुकीय प्रकार), जनावरातलाच की माणसांतल्या विषाणूशी जनुकांची देवाणघेवाण झालेला, हे कळल्याशिवाय लसीबद्दल बोलता येत नाही आणि शेडवर राबणाऱ्यांच्या घरातल्या लहान मुलांना असलेल्या धोक्याबद्दलही नाही.

मुरबाड-शहापूरकडच्या शेडवर नमुना घ्यायचा आणि महापे-रबाळेच्या पट्ट्यातल्या किंवा ठाणे शहरातल्या प्रयोगशाळेत तो तपासायचा, असं काम हाती घेणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहिली आहे. कणा म्हणून रोटाव्हायरस ए घेतला आहे. त्याचं वर्गीकरण सर्वांत शिस्तीचं आहे आणि त्याच्यावर हात बसला की बाकीचे आतड्यांचे विषाणू सोपे जातात.

शेडवर

नमुना हगवण सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्या. त्यानंतर विष्ठेतून बाहेर पडणारा विषाणू झपाट्याने कमी होतो. पीसीआर कदाचित पॉझिटिव्ह येईल, पण सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचायला, पुरेल इतका आरएनए मिळणार नाही. वय १ ते ८ आठवडे. एका मादीच्या वेतातली दोन-तीन आजारी पिल्लं घ्या, आणि त्याच वयाचं एक तरी धडधाकट पिल्लू घ्याच. हा निरोगी नमुना लोक नेहमी टाळतात. पण अॅस्ट्रोव्हायरस, कोबूव्हायरस, सापोव्हायरस हे तिघंही ठणठणीत पिल्लांत सर्रास सापडतात. तुलनेला निरोगी पिल्लू नसेल तर सापडलेला विषाणू हगवणीचं कारण आहे की नुसता मुक्कामाला आहे, हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

विष्ठा थेट गुदद्वारातून घ्या, जमिनीवरची नको. ५ मिलिलिटर मिळाली तर उत्तम, १ मिलिलिटर मिळाली तरी काम होतं. पिल्लू फारच लहान असेल तर स्वॅब घ्या, पण नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, प्लॅस्टिकच्या दांडीचा. लाकडी काडीचा कापूस पीसीआरला अडथळा करतो. कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅबही नको. प्रत्येक पिल्लामागे हातमोजे बदला.

वहीत लिहायचं ते तिथेच, शेडवर उभं राहून लिहा : पिल्लाचं वय दिवसांत, वेत, दूध तोडल्याची तारीख, विष्ठेचा रंग आणि पातळपणा, दिलेली औषधं, मादीला टोचलेली लस, खाद्य विकतचं की हॉटेलातलं खरकटं, शेजारी गाई-म्हशी बांधल्या आहेत का, लहान मुलं शेडमध्ये येतात का. यातली शेवटची दोन उत्तरं पुढे विषाणूंच्या नात्यांचं झाड काढताना लागतात.

एक गोष्ट कामाच्या आधी. मोठी डुकरंही पटापट मरत असतील, तीव्र ताप असेल, कान-पोट लालसर निळं पडलं असेल, तर मेलेलं जनावर तिथे फाडू नका. भारतात २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला. त्याचं रक्त जमिनीवर सांडलं की शेड आणि आसपासचा परिसर दूषित झालाच म्हणायचा. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार अशा आजाराची खबर देणं बंधनकारक आहे. जवळच्या सरकारी पशुवैद्यकाला कळवा आणि बाजूला व्हा. पुढचे नमुने कुठे आणि कसे जायचे हे पशुसंवर्धन खातं ठरवतं.

एका दिवशी एकच शेड. दोन शेड करायचेच असतील तर मधे कपडे, गमबूट बदलायचे. रोटाव्हायरसला बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे तो चिवट आहे. बुटांवरची घाण आधी ब्रशने पूर्ण धुऊन काढा आणि मगच ताज्या ब्लीचच्या द्रावणात बुडवा. घाणीवर ओतलेलं ब्लीच त्या घाणीतच संपतं.

रस्त्यात

नमुना २ ते ८ अंशांवर, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. मुरबाडहून महापेला येताना शीळफाट्याची कोंडी धरूनच बर्फ भरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत साधी थर्मोकोलची पेटी दुपारपर्यंत टिकत नाही, जाड भिंतीचा आइसबॉक्स आणि जास्तीचे जेलपॅक हवेत. ट्यूब, त्यावर पॅराफिल्म, मग शोषक कागदासकट झिपबॅग, मग कडक डबा, असे तीन थर. लेबल ट्यूबच्या अंगावर लावा, झाकणावर नको, आणि अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा.

प्रयोगशाळेत आल्या आल्या मूळ विष्ठेचे दोन भाग करून उणे ८० अंशांत टाका. उणे २० ची जागा दोन-चार दिवसांपुरतीच. गोठवून वितळवण्याचा प्रत्येक फेरा आरएनए तोडतो, म्हणून सुरुवातीलाच छोट्या वाटण्या करायच्या. देखभालीसाठी वीज बंद राहते त्या दिवशी फ्रीजर बॅकअपवर आहे का, ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा.

सस्पेन्शन आणि आरएनए

१ ग्रॅम विष्ठा ९ मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये), पीएच ७.४. काचेचे मणी टाकून मिनिटभर व्होर्टेक्स, मग ४ अंशांवर ३,००० ते ५,००० जी वेगाने १५ मिनिटं सेंट्रीफ्यूज. वरचं पाणी १ मिलिलिटरच्या तीन ट्यूबमध्ये. स्वॅब असेल तर १ मिलिलिटर पीबीएसमध्ये पिळून घ्या. हे सगळं दुसऱ्या वर्गाच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. डुकराच्या विष्ठेत हिपॅटायटिस ई आणि साल्मोनेला असू शकतात, आणि दोन्ही माणसाला लागतात.

आरएनए काढायला कॉलमचं किट सर्वांत सोयीचं : साधारण १४० मायक्रोलिटर सस्पेन्शन घ्यायचं आणि ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवायचं. प्रत्येक खेपेत एक ट्यूब नुसत्या पीबीएसची, नमुन्यांसारखीच शेवटपर्यंत चालवायची. शिवाय प्रत्येक नमुन्यात एमएस२ फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू, इथे नुसती खूण म्हणून) ठरावीक प्रमाणात मिसळा. पुढे एमएस२ चा पीसीआर उशिरा आला किंवा आलाच नाही, तर नमुना निगेटिव्ह नाही, त्यात अडथळा आहे. डुकराच्या विष्ठेत पित्तक्षार आणि खाद्यातली पिष्टमय संयुगं भरपूर असतात, ती एन्झाइमला बसवून ठेवतात. अशा वेळी आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा किंवा मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. पातळ केल्यावर नमुना पॉझिटिव्ह आला, असं वारंवार घडतं.

नॅनोड्रॉपचा आकडा इथे मनावर घेऊ नका. नमुन्यातला आरएनए वाया जाऊ नये म्हणून किटमध्ये घातलेला कॅरिअर आरएनएच त्यात मोजला जातो.

जेलवर ११ पट्ट्या

पीसीआरच्या काळातही पॉलिअॅक्रिलामाइड जेल लावावी, असं आमचं ठाम मत आहे. रोटाव्हायरसचा जीनोम ११ तुकड्यांचा, दुपदरी आरएनएचा. १० टक्के जेलवर रात्रभर चालवून चांदीने रंगवला की तुकडे आकारानुसार उतरतात. रोटाव्हायरस ए मध्ये वर चार, मग दोन, मग एकमेकींना चिकटून तीन, आणि तळाशी दोन. ४-२-३-२ ही मांडणी एकदा नीट पाहिली की विसरता येत नाही. रोटाव्हायरस सी मध्ये ती ४-३-२-२ अशी बदलते, आणि डुकरांत सी चांगलाच आढळतो. ११ पेक्षा जास्त पट्ट्या दिसल्या तर एकाच पिल्लात दोन रोटा आहेत, हे पुढचे हजारो रुपये खर्च करण्याआधीच कळतं. मर्यादा एकच : विषाणू मुबलक असेल तरच पट्ट्या उमटतात. कोरी जेल म्हणजे निगेटिव्ह नव्हे.

९७ अंशांची पाच मिनिटं

सगळ्या पद्धतीत जास्तीत जास्त काम इथे बिघडतं. करोनाविषाणूंचं किंवा अॅस्ट्रोव्हायरसचं काम केलेला माणूस एकपदरी आरएनएच्या सवयीने रोटाचा आरएनए सरळ रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनला (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या पायरीला) लावतो, आणि जेलवर काहीच येत नाही. दुपदरी आरएनएचे पदर सुटे झाल्याशिवाय प्रायमरला, म्हणजे जिथून नक्कल सुरू होते त्या छोट्या डीएनए तुकड्याला, बसायला जागाच नसते.

५ मायक्रोलिटर आरएनए, दोन्ही प्रायमर आणि डीएमएसओ एवढंच पीसीआर ट्यूबमध्ये घ्या. डीएमएसओ अंतिम मिश्रणाच्या ५ टक्क्यांच्या आसपास राहील असा मोजा. १० टक्क्यांच्या वर गेला की एन्झाइम मंदावतं. ९७ अंशांवर ५ मिनिटं. या वेळी ट्यूबमध्ये बफर नको, कारण बफरमधलं मॅग्नेशियम एवढ्या तापमानाला आरएनए तोडतं. वेळ संपताच ट्यूब उचलून बर्फ आणि पाणी मिसळलेल्या भांड्यात खुपसा. मशीनला '४ अंश' सांगून ट्यूब तिथेच ठेवायची नाही. मशीन हळूहळू उतरतं आणि तेवढ्या वेळात पदर पुन्हा जुळतात. कोरड्या बर्फाच्या खड्यांवर ट्यूब नुसती टेकवली तरी तोच प्रकार, कारण खड्यांमध्ये हवा असते. दोन मिनिटांनी, ट्यूब बर्फातच असताना, एन्झाइमचं थंड मिश्रण त्यात घाला आणि ताबडतोब ५० अंशांच्या तापलेल्या ब्लॉकवर चढवा.

इथे चूक झाल्याची खूण ठरलेली आहे. व्हीपी६ या प्रथिनाच्या जनुकाचा ३७९ बेसचा (अक्षरांचा) छोटा तुकडा येतो, पण व्हीपी७ चा १,०६२ चा पूर्ण तुकडा येत नाही. असं दिसलं की प्रायमर बदलण्याआधी पदर सुटे करण्याची पायरी पुन्हा करा.

पीसीआर

चाळणीसाठी व्हीपी६ चा हा तुकडा किंवा एनएसपी३ चा रिअल-टाइम पीसीआर. सीटी (रिअल-टाइम पीसीआर ज्या फेऱ्याला पॉझिटिव्ह दिसतो तो आकडा; कमी म्हणजे विषाणू जास्त) ३० च्या आत असेल तर पूर्ण जनुकं बहुतेक निघतात. ३२-३३ च्या पुढे एकेक तुकडा नेस्टेड पद्धतीने, म्हणजे लागोपाठ दोन पीसीआर करून, ओढावा लागतो.

व्हीपी७ साठी बेग९ आणि एंड९, व्हीपी४ च्या ८७६ बेससाठी कॉन३ आणि कॉन२ ही जुनी, जगभर वापरलेली जोडी. २५ मायक्रोलिटरच्या एकाच नळीतल्या मिश्रणात प्रत्येक प्रायमर ०.४ ते ०.६ मायक्रोमोलर. ५० अंश ३० मिनिटं, ९५ अंश १५ मिनिटं, मग ४० फेरे : ९४ अंश ३० सेकंद, ४८ ते ५० अंश ४५ सेकंद, ७२ अंश ७५ सेकंद. शेवटी ७२ अंश १० मिनिटं. १.५ टक्के अॅगरोजवर बघा.

कॉन जोडी माणसांतल्या विषाणूंना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे. डुकरांतले पी[१३], पी[१९], पी[२३] तिला अधूनमधून चकवतात. व्हीपी७ छान आला आणि व्हीपी४ आला नाही, तर जीनबँकेतले (सिक्वेन्सच्या खुल्या संग्रहातले) डुकरांचे सिक्वेन्स घेऊन डिजनरेट प्रायमर (बदलत्या जागी एकाहून जास्त अक्षरं चालणारे) बनवा. माणसांसाठीच्या टाइपिंगच्या मल्टिप्लेक्स प्रायमरने डुकराचा जीनोटाइप ठरवू नका. ते चुकीच्या जागी बसून चुकीच्या आकाराची पट्टी देतात, आणि अहवालात भलताच जीनोटाइप जातो. थेट सिक्वेन्सिंग करा.

पॉझिटिव्ह कंट्रोल असा निवडा जो डुकरांत सहसा नसतो, उदाहरणार्थ गाईचा जी६ किंवा जी१०. कंट्रोल नमुन्यात सांडला असेल तर सिक्वेन्स आल्यावर लगेच उघड होतं. मिश्रण बनवण्याची, आरएनए घालण्याची आणि जेल चालवण्याची खोली वेगळी. जेलच्या खोलीतला एप्रन किंवा पिपेट उलट दिशेने कधीही येऊ नये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात : कोबूव्हायरसला ३डी जनुकातला २१६ बेसचा तुकडा, सापोव्हायरसला पी२८९-पी२९० जोडीने ३३१ बेसचा (हीच जोडी नोरोव्हायरसला ३१९ चा देते, जेलवर दोघांत फरक दिसत नाही, सिक्वेन्स करावाच लागतो), अॅस्ट्रोव्हायरसला पॉलिमरेझ जनुकातला नेस्टेड पीसीआर, पीईडीव्हीला (डुकरांत हगवणीची साथ आणणाऱ्या करोनाविषाणूला) चाळणीसाठी एन आणि प्रकार ठरवण्यासाठी एस जनुक. सर्कोव्हायरस २ डीएनएचा आहे, त्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन लागत नाही. त्याचं ओआरएफ२ करा, आणि नमुन्याला डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) आधीच दिलेलं नाही ना, ते तपासा.

क्रोमॅटोग्राम स्वतः पाहा

पट्टी कॉलमने शुद्ध करून दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंगला पाठवा. जेलवर एकापेक्षा जास्त पट्ट्या असतील तर हवी ती कापून घ्या. निकाल आला की अक्षरांची फाइल बाजूला ठेवा आणि आधी शिखरं उघडा. सुरुवातीचे ३०-४० बेस गढूळ असतात, ते कापा. ७००-८०० नंतर शिखरं पसरट होतात, तेही कापा. दोन्ही बाजूंचे वाचन मधे जुळवून एक सिक्वेन्स बनवा आणि दोन्ही टोकांचा प्रायमरचा भाग काढून टाका. तो तुम्ही मागवलेला आहे, विषाणूचा नाही.

मधल्या स्वच्छ भागात एकाच जागी दोन रंगांची शिखरं, एकाखाली एक, आणि तसं दर पाच-दहा अक्षरांनी दिसत असेल, तर ती मशीनची चूक नाही. पिल्लात दोन विषाणू आहेत. सॉफ्टवेअर तिथे मोठं शिखर निवडून गप्प बसतं, आणि तुमच्या हातात कोणत्याच विषाणूचा नसलेला मिश्र सिक्वेन्स येतो. असा सिक्वेन्स जमा करू नका. क्लोनिंग करून पाच-दहा वसाहती वाचा, किंवा त्या वेतातलं दुसरं पिल्लू घ्या.

मग भाषांतर करून बघा. व्हीपी७ मध्ये ३२६ अमिनो आम्लांची सलग साखळी हवी. मधेच स्टॉप कोडॉन आला तर बहुधा एखादा बेस वाचायचा राहिलाय. शिखरांकडे परत जा.

जीनोटाइप ठरवणं

ब्लास्टमध्ये (जुळणारे सिक्वेन्स शोधून देणाऱ्या साधनात) वर आलेलं पहिलं नाव म्हणजे जीनोटाइप नव्हे. रोटाव्हायरस वर्गीकरण कार्यगटाने २००८ मध्ये प्रत्येक जनुकाची न्यूक्लिओटाइड साम्याची हद्द ठरवली : व्हीपी७ आणि व्हीपी४ ला ८० टक्के, व्हीपी६ ला ८५, व्हीपी१ ला ८३, व्हीपी२ ला ८४, व्हीपी३ ला ८१, एनएसपी१ ला ७९, एनएसपी२, ३ आणि ४ ला ८५, एनएसपी५ ला ९१. या हद्दी पूर्ण जनुकासाठी आहेत. व्हीपी४ चे ८७६ बेस हाती असतील आणि साम्य ७९-८१ च्या घरात आलं, तर पूर्ण जनुक काढेपर्यंत थांबा.

झाडासाठी माफ्टने जुळवणी, मेगा किंवा आयक्यू-ट्रीमध्ये मॉडेल निवडून मॅक्झिमम लाइकलीहूड, १,००० बूटस्ट्रॅप. संदर्भ सिक्वेन्समध्ये भारतातली डुकरं आणि भारतातली माणसं दोन्ही हवीत. नुसती डुकरं घातली तर सगळं डुकराचंच दिसणार. अकराही जनुकांची झाडं वेगवेगळी काढा, एकत्र जोडू नका. प्रत्येक तुकड्याचा इतिहास वेगळा असू शकतो आणि नेमकं तेच शोधायचं आहे.

डुकरांत जी३, जी४, जी५, जी९, जी११ आणि पी[६], पी[७], पी[१३], पी[१९], पी[२३] नेहमीचे. मागचा सांगाडा, म्हणजे बाकीच्या जनुकांचे प्रकार, बहुधा आय५ (व्हीपी६), ए८ (एनएसपी१) असा असतो, एनएसपी३ टी१ किंवा टी७. मुलांच्या नमुन्यात जी९ किंवा पी[६] दिसला म्हणून 'डुकराकडून आला' असं लिहायची घाई नको. माणसांतला वा-सदृश गट ('वा' या मानवी विषाणूसारखा) आणि डुकरांचा गट मुळात एकाच पूर्वजाचे आहेत, आणि पी[६] दोघांतही फिरतो. अकरा तुकड्यांची मांडणी समोर असेल, आणि तिच्यात आय५ किंवा ए८ सारखा तुकडा डुकरांच्या फांदीवर ठामपणे बसत असेल, तर मग बोला.

सगळे विषाणू एकदम हवे असतील तर

मेटाजीनोमिक्सला (नमुन्यातल्या सगळ्या जनुकीय तुकड्यांचं एकत्र वाचन) सस्पेन्शन ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि डीएनेझ-आरएनेझ घालून ३७ अंशांवर तासभर ठेवा. कवचाबाहेरचा सगळा जनुकीय कचरा संपतो, कवचाआतला विषाणू शाबूत राहतो. पुढे आरएनए काढताना किटमधला कॅरिअर आरएनए घालू नका. तोही सिक्वेन्स होतो आणि निम्मे रीड (मशीनने वाचलेले छोटे तुकडे) त्यातच जाऊ शकतात. त्याऐवजी लिनिअर अॅक्रिलामाइड चालतं. रँडम प्रायमर लावण्याआधी उष्णता आणि बर्फ इथेही लागतोच, नाहीतर रोटा गायब आणि कोबू-अॅस्ट्रो भरपूर असं खोटं चित्र येतं.

एका नमुन्याला ५० लाख ते १ कोटी रीड पुरतात. डुकराचा जीनोम वजा करा, उरलेल्यांची मेगाहिट किंवा स्पेड्सने जुळवणी करा, डायमंडने ओळखा. नुसत्या पीबीएसची ट्यूबही सिक्वेन्सिंगला पाठवा. नमुन्यात पाच-सात रीड आणि त्या ट्यूबमध्येही तेवढेच, तर तो विषाणू यादीतून काढा. जे दिसेल त्यात जिवाणूंचे फाज सर्वाधिक असतील. वाशी-ठाण्याच्या हॉटेलांतलं खरकटं खाणाऱ्या पिल्लांत मिरचीवरचा पेपर माइल्ड मॉटल व्हायरसही येऊ शकतो. तो तिखटातून आलेला, डुकराचा नाही.

नाव, नोंद आणि पालकाचा अहवाल

रोटाच्या नावाचा साचा ठरलेला आहे : गट, प्राणी आणि नमुन्याचं मूळ, देश, तुमचा क्रमांक, वर्ष, जी-पी. म्हणजे 'आरव्हीए/पिग-डब्ल्यूटी/आयएनडी/क्रमांक/२०२४/जी९पी[१३]'. प्रत्यक्ष नोंदीत हे रोमन लिपीत जातं. वर्ष नमुना घेतल्याचं, सिक्वेन्स केल्याचं नाही. जीनबँकेत जिल्हा आणि तारीख जरूर द्या, वराहपालकाचं नाव किंवा शेडचा नेमका पत्ता देऊ नका.

पालकाला मराठीत एक पान द्या, आणि सिक्वेन्सिंगची वाट न बघता चाळणीचा निकाल आल्याबरोबर द्या. जीनोटाइप त्याला आज उपयोगाचा नाही. त्याच्या कामाचं हे : पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक, हगवणीत पाण्याबरोबर क्षार, एक गट बाहेर गेल्यावर शेड धुऊन, वाळवून मगच दुसरा गट, आणि खरकटं द्यायचंच असेल तर ढवळत पूर्ण अर्धा तास उकळून. ज्या पिल्लात फक्त कोबू किंवा अॅस्ट्रो सापडला त्याच्या पानावर 'विषाणू आढळला, हगवणीचं कारण म्हणून निश्चित नाही' असं स्पष्ट लिहा, आणि त्याच नमुन्याची एक वाटणी ई. कोलाय आणि कॉक्सिडियासाठी पाठवा.